मूल टाकणे आणि मूल सोपविणे
आगमनकाळातील चौथ्या रविवारचे चिंतन



आज आगमनकाळाची चौथी मेणबत्ती पेटली. तरुणांनी गायगोठ्यासाठी पेंढा आणून ठेवला आहे, घराघरांत करंज्या-शंकरपाळ्यांचे तळण सुरू झाले आहे. अशा दिवसांत मी जो विषय घेतो आहे तो काही जणांना खटकेल. पण तो मी कुठून शोधून आणलेला नाही, आजच्या शुभवर्तमानातच तो आहे.

संत मत्तय सांगतो ते आपल्या बोलीत असे: मरिया योसेफाला दिलेली होती, वरात अजून निघायची होती, आणि तिला दिवस गेल्याचे कळले. पवित्र आत्म्याचे हे कार्य आपल्याला ठाऊक आहे. योसेफाला ते स्वप्नात समजले. नाझरेथच्या लोकांना मात्र कोणी काही सांगितले नव्हते. त्यांच्या दृष्टीने ती मागणी झालेली, अजून सासरी न गेलेली आणि पोट दिसू लागलेली मुलगी होती. अनुवाद ग्रंथातला नियम अशा मुलीला दगडमार सांगतो. नाझरेथ हे काही मोठे शहर नव्हते. लोणी भापकरसारखे, मोरगावसारखे गाव म्हणा, जिथे कोणाकडे काल कोण पाहुणा येऊन गेला ते आज पारावर माहीत असते.

मत्तय योसेफाला नीतिमान म्हणतो. नियम पाळणे एवढाच नीतिमान शब्दाचा अर्थ असता, तर त्याने मरियेला चव्हाट्यावर आणायला हवे होते. तो नियम जाणत होता, तरी तिची अब्रू जाणार नाही अशी वाट तो शोधत बसला. देवदूत येण्याच्या आधी, काहीच उलगडा झालेला नसताना, त्याने हे ठरवले होते. मला योसेफाचे मोठेपण स्वप्नानंतरच्या आज्ञापालनापेक्षा स्वप्नाआधीच्या या एका रात्रीत जास्त दिसते. मग देवदूताने त्याला सांगितले की तिला घरी आण, आणि बाळाचे नाव तू ठेव. त्या काळी जो नाव ठेवील तो कायद्याने बाप. दाविदाच्या वंशात प्रभू येशू गणला जातो तो योसेफाच्या बाजूने. म्हणजे कायद्याच्या नजरेने पाहिले तर आपला तारणारा हा योसेफाच्या हाती सोपविलेला मुलगा आहे.

आता आपल्या भागाकडे येऊ. वर्तमानपत्र वाचणाऱ्या कोणालाही ही बातमी नवीन नाही. उसाच्या सरीत, कॅनॉलच्या कडेला, एस.टी. स्थानकाच्या स्वच्छतागृहात, देवळाच्या पायरीवर नवजात बाळ सापडते. कधी जिवंत, पुष्कळदा नाही. चार ओळींची बातमी, खाली 'अज्ञात मातेविरुद्ध गुन्हा दाखल'. अज्ञात पित्याविरुद्ध असे छापलेले माझ्या तरी पाहण्यात नाही. साखर कारखान्यांचा हंगाम चालू असला की लोक लगेच ऊसतोडीच्या टोळ्यांकडे बोट दाखवतात. कोप्यांवर राहणाऱ्या त्या आयाबाया थंडीत बाळाला पोटाशी बांधून पहाटे फडात उतरतात, हे आपण रोज पाहतो. मूल लपवून जन्माला घालावे लागते ते बहुधा चार भिंतींच्या घरात, जिथे नाव सांभाळायचे असते.

एवढ्यावर आपण हळहळतो आणि म्हणतो, "कसली आई असेल ती!" या उद्गारावर आज मला बोलायचे आहे.

निर्गमाच्या दुसऱ्या अध्यायात एक आई आपले तीन महिन्यांचे बाळ नदीत ठेवते. तिचे नाव योखबेद. कोणी पोलीस पाटील तिथे असता तर त्याने पंचनाम्यात काय लिहिले असते? आईने अर्भक नदीपात्रात सोडले. पण पवित्र शास्त्र तपशील देते आणि सगळा अर्थ त्या तपशिलात आहे. तिने लव्हाळ्याची पेटी घेतली. तिला डांबर आणि राळ लावली, म्हणजे पाणी शिरू नये. प्रवाहात न सोडता काठच्या लव्हाळ्यांत ठेवली. थोरल्या मुलीला लांब उभे केले, काय होते ते बघायला. आणि जागा निवडली ती राजकन्या स्नानाला येते तिथली. आपल्या हातात मूल वाचत नाही हे कळल्यावर, ज्यांच्या हातात ते वाचेल त्यांच्या वाटेत तिने ते नेऊन ठेवले. मराठीत आपण दोन्ही गोष्टींना 'मूल टाकले' असेच म्हणतो. योखबेदेने टाकले नाही, सोपविले. हा फरक करायला आपली भाषाही कमी पडते, मन तर पडतेच.

पेटी विणायला मात्र लव्हाळे लागते, डांबर लागते, पाळत ठेवणारी मिर्याम लागते. ज्या मुलीजवळ यातले काहीच नाही, तिने काय करावे?

हा प्रश्न जुना आहे. इजिप्तच्या वाळूत इ.स.पू. १ सालचे, म्हणजे प्रभूच्या जन्माच्या आसपासचेच, एक पत्र सापडले आहे. हिलारिओन नावाचा माणूस अलेक्झांड्रियाहून गरोदर बायकोला लिहितो. पत्र प्रेमाचे आहे, पगार मिळाला की पाठवतो असेही त्यात आहे. आणि त्याच ओळींमध्ये तो सांगतो की मुलगा झाला तर ठेव, मुलगी झाली तर टाकून दे. त्याला त्यात काही वावगे वाटले नाही. हसू नका, नीरा नदीच्या पलीकडे सातारा जिल्ह्यात २०११ साली 'नकुसा', 'नकुशी' अशा नावांच्या २८५ मुलींची नावे समारंभाने बदलावी लागली. आरंभीच्या ख्रिस्ती मंडळींनी मूल टाकण्याला मनाई केली आणि इतरांनी टाकलेली मुले उचलून वाढविली. पुढे रोममध्ये पोप तिसरे इनोसंट यांच्या काळात, ११९८ च्या सुमारास, सांतो स्पिरितो रुग्णालयाच्या भिंतीत फिरते लाकडी पिंप बसवले गेले. बाहेरून बाळ ठेवायचे, फिरवायचे, घंटा वाजवायची; आतली भगिनी बाळ घ्यायची, आईचे तोंडही बघायची नाही. तायबर नदीत कोळ्यांच्या जाळ्यांत मेलेली अर्भके येऊ लागली म्हणून हे केले, अशी आख्यायिका आहे. फ्लॉरेन्सच्या अनाथगृहाने ५ फेब्रुवारी १४४५ रोजी पहिले मूल घेतले. ती मुलगी होती, आणि त्या दिवशीच्या संत आगाथेच्या सणावरून तिचे नाव आगाता ठेवले. या घरांत मुले फार दगावतही असत, ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही. पण दार होते.

सेमिनरीत आम्हांला तत्त्वज्ञान शिकवायचे तेव्हा दोन मोठी नावे फार आदराने घ्यावी लागत. त्यांतले एक रूसो, ज्याने १७६२ साली बालशिक्षणावर जगप्रसिद्ध ग्रंथ लिहिला आणि स्वतःची पाचही मुले पॅरिसच्या अनाथगृहात पाठवली. दुसरे कांट. माणूस हे कधीही केवळ साधन नव्हे, असे शिकवणाऱ्या या गृहस्थाने १७९७ साली लिहिले की विवाहाबाहेर जन्मलेले मूल चोरून आणलेल्या मालासारखे राज्यात शिरलेले असते, म्हणून त्याच्या नाशाकडे कायद्याला काणाडोळा करता येईल. परीक्षेत कांटवर मला चांगले गुण मिळाले होते. पण या प्रश्नाचे उत्तर मला कोनिग्सबर्गच्या त्या प्राध्यापकापेक्षा पुण्याच्या गंज पेठेतल्या एका जोडप्याकडून मिळाले.

काशीबाई नावाची एक तरुण ब्राह्मण विधवा जोतीराव फुल्यांच्या एका स्नेह्याकडे स्वयंपाकाला होती. शेजारच्या एका शास्त्र्याने तिला फसवले. गर्भ पाडण्याचे उपाय फसले, मूल झाले आणि अब्रूच्या भीतीने तिने ते मारून विहिरीत टाकले. खटला झाला, काशीबाईला जन्मठेप काळ्या पाण्याची झाली. शास्त्रीबुवांना काही झाले नाही. जोतीराव आणि सावित्रीबाई यांनी आपल्याच आवारात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. त्याचे साल १८६३ दिले जाते. त्यांनी ब्राह्मण वस्तीच्या गल्ल्यांत भिंतींवर छापील जाहिराती चिकटवल्या, आशय हा की गुपचूप येऊन बाळंत व्हा, मूल न्यायचे की इथे ठेवायचे ही तुमची मर्जी. जोतीरावांनीच ४ डिसेंबर १८८४ रोजी सरकारला लिहिले आहे की तोवर ३५ विधवा तिथे येऊन बाळंत झाल्या. त्यांच्या मुलांपैकी जगली फक्त पाच, कारण आयांनी आधीच विषारी औषधे घेतलेली होती. या आकड्यावर थोडे थांबा. दार उघडे होते, जाहिरात भिंतीवर होती, तरी मुली तिथे पोचल्या त्या विष पिऊन झाल्यावर. भीती जाहिरातीपेक्षा लवकर घरात शिरते.

१८७५ साली असेच घर पंढरपूरला निघाले, तिथले न्यायाधीश लालशंकर उमियाशंकर यांच्या पुढाकाराने आणि प्रार्थना समाजाच्या आधाराने. आपल्या बारामती-इंदापूरवरून दरवर्षी तुकाराम महाराजांची पालखी ज्या वाटेने जाते, त्या वाटेच्या टोकाला. आणि इथून जवळ, दौंड तालुक्यात केडगावला, पंडिता रमाबाईंनी मुक्तिसदनाच्या आवारात फसलेल्या स्त्रियांसाठी वेगळे कृपासदन उभे केले. ती आपल्या पंथाची नव्हती. तिचे काम आपल्याला लाजवणारे आहे.

आता आजचा कायदा काय सांगतो ते नीट ऐका, कारण आपल्यातल्या शिकलेल्यांनाही ते ठाऊक नसते. बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ याच्या कलम ३५ प्रमाणे, शारीरिक, मानसिक किंवा सामाजिक कारणांमुळे जिला किंवा ज्यांना मूल सांभाळणे शक्य नाही, अशा आईला किंवा आईबापांना ते मूल जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीपुढे कायदेशीरपणे सोपवता येते. हा गुन्हा नाही. समितीत अध्यक्ष आणि चार सदस्य असतात, त्यांत निदान एक स्त्री असते. ते आधी समजावून सांगतात, मूल आईजवळच राहू शकेल का हे पाहतात. नाहीच शक्य झाले तर समर्पणपत्रावर सही होते. लग्न न झालेल्या आईच्या बाबतीत तिची एकटीची सही पुरते. लग्न झालेले जोडपे असेल तर दोघांची लागते. सही झाली म्हणजे सगळे संपले असे नाही. विचार बदलायला दोन महिने मिळतात. मुदतीत आई परत आली तर मूल तिचे. तोवर बाळ मान्यताप्राप्त दत्तक संस्थेत राहते आणि मुदत उलटल्यावर त्याला दत्तक देता येते.

उलट बाजूही सांगतो. बारा वर्षांखालचे मूल उघड्यावर टाकून देणाऱ्या आईबापाला भारतीय न्याय संहितेच्या कलम ९३ खाली सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मूल दगावले तर प्रकरण खुनापर्यंत जाते. मात्र बाल न्याय कायद्याच्या कलम ७५ मध्ये असेही लिहिलेले आहे की, जन्मदात्यांच्या हाताबाहेरच्या परिस्थितीमुळे मूल टाकले गेले असेल तर ते जाणूनबुजून टाकले असे मानू नये आणि त्या कलमाची शिक्षा लावू नये. संसदेने लिहिलेले हे वाक्य वाचताना मला योसेफाची ती रात्र आठवते. पारावरच्या आपल्या न्यायनिवाड्यापेक्षा हा कायदा जास्त कनवाळू आहे, हे कबूल करावे लागेल.

अमेरिकेत १९९९ साली टेक्सास राज्याने असा कायदा पहिल्यांदा केला, त्याला लोक 'बाळ मोशे कायदा' म्हणतात. तिथे आईला नावही सांगावे लागत नाही, रुग्णालयात किंवा अग्निशमन केंद्रात बाळ देऊन ती निघून जाऊ शकते. नेब्रास्का राज्याने २००८ साली हाच कायदा करताना वयाची अट घालायची ठेवली, तर काही महिन्यांत तीसहून अधिक मुले रुग्णालयांत आणून सोडली गेली, बहुतेक मोठी, कित्येक पंधरा-सोळा वर्षांची. नवजात एकही नव्हते. घाईने दुरुस्ती करून अट तीस दिवसांवर आणली. घरे किती ठिकाणी थकलेली असतात ते त्या निमित्ताने कळले. आपल्याकडे आईला समितीपुढे बसावे लागते, बोलावे लागते. याचा फायदा असा की तिला कोणी तरी विचारते, थांबवते, दोन महिने देते. तोटा असा की घाबरलेल्या पोरीला एवढी पायरी चढवत नाही. म्हणून तामिळनाडूत १९९२ साली सेलम जिल्ह्यापासून सरकारी पाळणा योजना सुरू झाली, केरळातही २००२ पासून पाळणे आहेत. आपल्याकडेही काही संस्थांच्या दाराशी पाळणा असतो. मला विचाराल तर समितीची वाट अधिक चांगली आहे, पण पाळणा हा उकिरड्यापेक्षा हजारपट चांगला आहे, आणि त्या क्षणी त्या मुलीशी वाद घालायला आपण कोणी तिथे नसतो.

एक गोष्ट खास आपल्या लोकांसाठी. "सिस्टर लोकांच्या दारात ठेवा, त्या बघतील," असे आपण सहज म्हणतो. सिस्टरही आज परस्पर मूल ठेवून घेऊ शकत नाहीत वा कोणाला देऊ शकत नाहीत. मदर तेरेसांच्या भगिनींनी तर २०१५ साली दत्तक देण्याचे कामच थांबवले. कोणाही धर्मगुरूला, धर्मभगिनीला, डॉक्टरला, सरपंचाला असे मूल सापडले किंवा कोणी आणून दिले तर चोवीस तासांच्या आत पोलीस, बाल कल्याण समिती, जिल्हा बाल संरक्षण कक्ष किंवा १०९८ या मदतवाहिनीला कळवावेच लागते. न कळवणे हा गुन्हा आहे.

मला हे इतके स्पष्ट लिहावे लागते याचे कारण आहे. मूल नसलेली जोडपी माझ्याकडे येतात. डोळ्यांत पाणी असते. बोलणे एकाच जागी येऊन थांबते, "फादर, कुठे अशी कोणी मुलगी अडचणीत असली तर आम्हांला सांगा. कोणाला कळू देणार नाही. दवाखान्याचा खर्चही आम्ही करू." त्यांच्या वेदनेला मी हसत नाही. पण उत्तर 'नाही' असे आहे आणि ते 'नाही'च राहील. नियमाबाहेर मूल दत्तक घेण्या-देण्याला कलम ८० खाली तीन वर्षांपर्यंत कैद आहे. पैशाचा व्यवहार झाला तर कलम ८१ प्रमाणे ती विक्री ठरते, पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी, आणि रुग्णालयातल्या माणसाचा हात असेल तर तीन ते सात वर्षे. शिक्षेपेक्षा मोठे नुकसान मुलाचे होते. जन्मदाखल्यावर खोटी आई, खोटा बाप. एखाद्या भाऊबंदाने जमिनीच्या वाटणीत ते उकरून काढले की ते मूल विसाव्या वर्षी उघड्यावर पडते. दुसऱ्यांदा टाकल्यासारखे.

आपल्या वडीलधाऱ्यांच्या काळी ख्रिस्ती जोडप्याला कायद्याने पूर्ण दत्तक घेताच येत नसे. १८९० च्या कायद्याखाली फक्त पालक होता येई आणि मूल सज्ञान झाले की ते नाते कागदावर संपे. २००० चा बाल न्याय कायदा आणि २००६ ची त्यातली दुरुस्ती यांनी धर्माचा अडसर काढला. आज कोणत्याही धर्माचे जोडपे 'कारा' या केंद्रीय प्राधिकरणाकडे नाव नोंदवू शकते, आणि सप्टेंबर २०२२ पासून दत्तकाचा आदेश कोर्टाऐवजी जिल्हाधिकारी देतात. रांग लांब आहे. देशात तीस हजारांच्या वर पालक वाट पाहत आहेत आणि २०२४-२५ या वर्षात दत्तक गेलेली मुले ४,५१५. म्हणजे एकीकडे कॅनॉलच्या कडेला बाळ सापडते आणि दुसरीकडे एखादे जोडपे वर्षानुवर्षे रिकामा पाळणा पुसून ठेवते. या दोघांमध्ये जी दरी आहे ती आपल्या जिभेने पाडलेली आहे.

१३ ऑगस्ट १९७९ रोजी पुण्यात एक मुलगी जन्मली. तिच्या आईबापांना ती ठेवता आली नाही, आणि ती ससून रुग्णालयाच्या आवारातल्या 'श्रीवत्स' या अनाथगृहात आली. तिथे तिला लैला म्हणत. तीन आठवड्यांची असताना हरेन आणि स्यू स्थळेकर या दांपत्याने तिला दत्तक घेतले आणि लिसा नाव ठेवले. तीच लिसा स्थळेकर ऑस्ट्रेलियाच्या महिला क्रिकेट संघाची कर्णधार झाली. एक दिवसाच्या सामन्यांत हजार धावा आणि शंभर बळी घेणारी ती पहिली स्त्री, २०१३ च्या विश्वविजेत्या संघात ती होती. प्रत्येक मूल असे नाव काढील असे नाही, आणि काढावे म्हणूनच ते वाचवायचे असेही नाही. मला या गोष्टीत त्या पहिल्या आईचा विचार येतो. ती कोण होती ते आपल्याला माहीत नाही, माहीत असण्याचे कारणही नाही. मुलगी वाचली, एवढे मात्र खरे.

आता पुरुषांविषयी. मत्तयाच्या याच पहिल्या अध्यायात प्रभूची वंशावळ आहे, ती वाचताना आपण डुलक्या घेतो. तिच्यात तामारेचे नाव आहे. उत्पत्तीच्या ३८ व्या अध्यायात तिची गोष्ट आहे. ही विधवा सून गरोदर असल्याचे कळताच सासरा यहूदा म्हणाला की तिला बाहेर काढून जाळा. तिने त्याचीच मुद्रा, दोरी आणि काठी त्याच्याकडे पाठवली, ज्याच्या या वस्तू त्याच्यापासून मला दिवस आहेत म्हणून. यहूदा निदान एवढा प्रामाणिक होता की, माझ्यापेक्षा ती बरी, असे त्याने सर्वांसमक्ष मान्य केले. जाळा म्हणणारा आणि बाप, एकच माणूस. गेल्या दीडशे वर्षांत पुण्याच्या त्या शास्त्र्यापासून आजपर्यंत किती मुद्रा आणि काठ्या परत पाठवायच्या राहून गेल्या आहेत कोण जाणे. मिस्सानंतर बाहेर चिंचेखाली उभे राहणाऱ्या तरुण मुलांनी हा अध्याय घरी जाऊन वाचावा.

आणखी एक बोचणारी गोष्ट. गर्भपात हे पाप आहे असे आपण ठामपणे शिकवतो, मीही शिकवतो आणि शिकवत राहीन. समजा आपल्यातल्या एखाद्या मुलीने ते ऐकले आणि मूल वाढू दिले. पुढच्या सात-आठ महिन्यांत ती आपल्यासमोर वावरू शकेल का? तिची आई भगिनी मंडळाच्या सभेला येऊ शकेल का? गायनवृंदातून तिचे नाव न सांगता गळणार नाही ना? जिवाची किंमत शिकवणाऱ्यांनी त्या जिवाच्या आईला पायरीवर उभे करायचे, हा हिशेब प्रभूपुढे मांडता येणार नाही.

मुलगी अठरा वर्षांखालची असेल तर प्रकरण वेगळे आहे, हेही लपवत नाही. २०१२ च्या पोक्सो कायद्याने तिच्यावर अत्याचार झाला असे धरले जाते आणि पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. घरचे इथेच मागे फिरतात. पण तिथेही बाळ सोपवण्याची वाट तिला खुली आहे, आणि तिचे नाव उघड करायला कायद्याने मनाई आहे.

आता कामाचे. पुढच्या रविवारी मिस्सानंतर अर्धा तास थांबावे, शंका असतील त्यांना समजावून सांगू. मोठ्या मुलामुलींनी आईवडिलांबरोबर बसावे. १०९८ हा क्रमांक दिवसरात्र चालतो, पैसे पडत नाहीत. पुण्याला मोरगाव-जेजुरी-सासवडमार्गे एकटीने जावे लागेल या भीतीने कोणी थांबू नये, फोन केल्यावर माणूस इकडे येतो. कोणा बाईला सोबत हवी असेल तर तिने मला किंवा सिस्टरांना सांगावे, कारण विचारणार नाही.

आणि शेतात, रस्त्याला बाळ दिसले तर फोटो काढू नका, कोणत्याही ग्रुपवर टाकू नका. मुलाची ओळख उघड करण्याला सहा महिने कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड आहे. बाळाला आंघोळ घालू नका, नाळ ओढू किंवा कापू नका. कोरड्या मऊ कापडात गुंडाळून, डोके झाकून, छातीशी धरा; डिसेंबरची थंडी त्याला सर्वांत आधी मारते. मध, साखरपाणी, गाईचे दूध काही चाटवू नका. १०८ ला फोन करून रुग्णवाहिका बोलवा किंवा बारामतीच्या सरकारी दवाखान्यात न्या, आणि १०९८ किंवा ११२ ला कळवा. आई कोण असेल याची चर्चा तिथे उभे राहून करू नका. ती कदाचित लव्हाळ्यांत उभी असेल.

प्रभूठायी आपला,
धर्मगुरू